द्राक्षातली साखर आणि रक्तातली साखर

बागलाणातल्या नामपूर परिसराला साखर मोजण्याची सवय जुनी आहे. द्राक्षाच्या हंगामात माल उतरवण्याआधी घडातला एखादा मणी रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पिळायचा, उजेडाकडे तोंड करून नळी डोळ्याला लावायची आणि ब्रिक्स कुठवर आला ते वाचायचे, हे काम मोसम खोऱ्यातल्या बागायतदाराला कुणी शिकवावे लागत नाही. रसात विरघळलेला ऐवज जितका जास्त, तितका त्यातून जाणारा प्रकाश जास्त वाकतो. त्या वाकण्यावरून गोडी कळते. एक थेंब रस, एक काच आणि दोन सेकंदांचा वेळ एवढ्यात व्यवहार ठरतो.

मग रक्तातली साखर अशी काचेवर का वाचता येत नाही? तिच्यासाठी माणसाला अडीचशे वर्षे झगडावे का लागले? आकडे शेजारी ठेवले की उत्तर समजते. अठरा ब्रिक्सच्या शंभर ग्रॅम रसात सुमारे अठरा ग्रॅम ऐवज विरघळलेला असतो आणि त्यातली बहुतेक साखरच असते. निरोगी माणसाच्या शंभर मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी साखर असते सत्तर ते शंभर मिलिग्रॅम, म्हणजे फार तर ग्रॅमचा दहावा हिस्सा. अंगातल्या पाच लिटर रक्तातली सगळी साखर एकत्र केली तरी चहाचा एक चमचा जेमतेम भरेल. तेवढ्याच रक्तातली प्रथिने त्या साखरेच्या कितीतरी पट असतात आणि प्रकाश तीही वाकवतात. त्या गर्दीत साखर हरवून जाते. तिला गाठायचे तर एक तर ती कुठेतरी साठलेली सापडली पाहिजे, किंवा हजार पदार्थांमधून फक्त तिलाच ओळखणारे काहीतरी हाती लागले पाहिजे. रक्तशर्करेच्या तपासणीचा इतिहास आधी पहिल्या वाटेने गेला आणि फार उशिरा दुसरीकडे वळला.

साखर साठलेली सापडली ती लघवीत. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत शोषून घेता येत नाही आणि ती लघवीवाटे वाहू लागते. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांनी मधुमेहाच्या वर्णनात या गोडीची आणि तिच्यामागे येणाऱ्या मुंग्यांची नोंद केली. लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्याकडची म्हातारी माणसे आजही शुगरची खूण म्हणून सांगतात. इंग्लंडमध्ये टॉमस विलिस यांनी १६७४ मध्ये मधुमेह्याची लघवी गोड असल्याचे लिहिले, पण गोडी कशाची ते त्यांना सांगता आले नाही. लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ मध्ये ती लघवी आटवली. तळाशी राहिलेला पांढरा चुरा चवीला साखरेसारखा लागला. त्याच रुग्णाच्या रक्तातला पातळ द्रवही त्यांना गोडसर लागला. आजार मूत्रपिंडापुरता नसून सगळ्या रक्ताचा आहे, असे सांगणारा हा पहिला ठोस पुरावा म्हटला पाहिजे. पुढे १८१५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी ही साखर द्राक्षातल्या साखरेसारखीच असल्याचे दाखवून दिले. तिलाच आपण ग्लुकोज म्हणतो. बागेत पिकते आणि लॅबमध्ये मोजली जाते ती एकच वस्तू आहे.

यानंतरची शंभर वर्षे तांब्याची. मोरचुदाच्या अल्कधर्मी द्रावणात ग्लुकोज घालून उकळले की तांबे आपला निळा रंग सोडते आणि लालसर गाळ होऊन तळाशी बसते. जर्मनीत हेर्मान फॉन फेलिंग यांनी १८४८ मध्ये याची मोजमापाची रीत बसवली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेचे स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी मोरचूद, धुण्याचा सोडा आणि सोडियम सायट्रेट यांचे टिकाऊ द्रावण केले. बेनेडिक्टचे हे निळे पाणी पुढे कित्येक दशके जगभरच्या दवाखान्यांत राहिले. परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण घ्यायचे, लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे आणि रंग पाहायचा. निळे राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी, विटकरी अशी चढती भाजणी. विटकरी रंग म्हणजे दोन टक्के किंवा त्याहून जास्त. ज्या काळी खेड्यात वीज नव्हती, त्या काळी एवढे साहित्य कुठल्याही डॉक्टरला जमवता येत होते, आणि म्हणून ही परीक्षा मला आजही आदर वाटावा अशी वाटते.

तिचा दोष मात्र जीवघेणा होता. लघवीत साखर उतरते ती १८० च्या पुढे. उपाशीपोटी १२६ ला मधुमेह ठरतो. म्हणजे १४० किंवा १६० साखर घेऊन वर्षानुवर्षे फिरणाऱ्या माणसाची नळी निळीच राहायची, आणि डोळ्यांच्या पडद्यावर, मूत्रपिंडावर, पायाच्या नसांवर तीच साखर आपले काम करत असायची. तांब्याला फक्त ग्लुकोज ओळखता येते असेही नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या लघवीत दुधातली साखर उतरली तरी रंग बदलतो.

थेट रक्तातली साखर मोजण्याची निकड इन्शुलिनने आणली. टोरोंटोत १९२१ मध्ये इन्शुलिन हाती आले आणि पुढच्या जानेवारीत ते पहिल्यांदा रुग्णाला दिले गेले. इन्शुलिन जास्त झाले तर साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडतो, आणि ते उतरणे लघवी सांगू शकत नाही. स्वीडनमधील इव्हार बांग यांनी १९१३ मध्ये थोड्या रक्तावर चालणारी पद्धत काढली होती. १९२० च्या सुमारास ओटो फोलिन आणि श्येन वू यांची पद्धत रूढ झाली. याही तांब्याच्याच. रक्तातले इतर पदार्थ तांब्याशी खेळत असल्याने आकडा खऱ्याहून वर यायचा. पुढे ऑर्थो-टोल्युइडिनची हिरवा रंग देणारी पद्धत आली, आपल्याकडच्या लॅबमध्येही ती खूप काळ होती, पण ते रसायनच विषारी.

दुसरी वाट उघडली ती एका बुरशीने, आणि ही बुरशी नामपूरच्या शेतकऱ्याला चांगली माहीत आहे. चाळीत साठवलेल्या कांद्याच्या पापुद्र्याखाली काळी काजळी धरते, कांदा उचलला की बोटे काळी होतात आणि बाजारात भाव पडतो. ही काजळी ॲस्परजिलस नायगर गटातल्या बुरशीची. डेटलेव्ह म्युलर या शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये याच बुरशीतून एक विकर वेगळे दाखवले, ग्लुकोज ऑक्सिडेज. हे विकर ग्लुकोजला हवेतल्या प्राणवायूशी जोडते आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. फ्रुक्टोज, दुधातली साखर, जीवनसत्त्व क यांना ते जवळपास ओळखत नाही. साखरेला ओळखणारा पदार्थ, ज्याची एवढी वाट पाहिली, तो कांदा सडवणाऱ्या बुरशीच्या पोटात होता. आजही हे विकर कारखान्यांत मुख्यतः याच बुरशीकडून बनवून घेतले जाते.

विकराला रंगाची जोड दिली की काम झाले. पेरॉक्साइड तयार झाले की दुसरे एक विकर त्याच्या साहाय्याने रंगद्रव्य बदलते. अमेरिकेतील हेलन फ्री आणि अल्फ्रेड फ्री या दांपत्याने ही सगळी सामग्री कागदाच्या पट्टीवर वाळवली आणि १९५६ मध्ये ‘क्लिनिस्टिक्स’ बाजारात आली. दिवा नको, उकळणे नको; लघवीत बुडवा आणि वाचा. दशकभरातच रक्तासाठी ‘डेक्स्ट्रोस्टिक्स’ आली. थेंब पट्टीवर ठेवायचा, मिनिटभराने पाण्याने धुऊन टाकायचा आणि राहिलेला निळा रंग डबीवरच्या रंगांशी जुळवायचा. संध्याकाळच्या उजेडात एकाला जो रंग १३० वाटे तो दुसऱ्याला १८० वाटे. म्हणून अँटन क्लेमेन्स यांनी पट्टीवरून परतणारा प्रकाश मोजणारे यंत्र बनवले. सन १९७० च्या सुमारास आलेले हे पहिले ग्लुकोमीटर एका किलोहून जड होते, किंमत शेकडो डॉलर, आणि विकले जायचे फक्त डॉक्टरांना.

रिचर्ड बर्नस्टीन हे पेशाने अभियंते. बाराव्या वर्षापासून मधुमेह, तरुणपणातच शरीर खचत चाललेले. त्यांनी ते यंत्र डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावावर मागवले आणि दिवसातून अनेक वेळा स्वतःची साखर मोजायला सुरुवात केली. काय खाल्ल्यावर किती चढते, इन्शुलिन किती घेतल्यावर किती उतरते हे त्यांनी आकड्यांवरून शोधले आणि तब्येत सावरली. रुग्णाने घरी साखर मोजावी हे म्हणणे वैद्यकीय जगाला तेव्हा पटेना. आपले कुणी ऐकत नाही म्हणून बर्नस्टीन पंचेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि डॉक्टर होऊन आयुष्यभर तेच सांगत राहिले. घरोघरी दिसणारे छोटे यंत्र तंत्रज्ञांनी बनवले हे खरे, पण ते रुग्णाच्या हातात यावे यासाठी आधी एक रुग्ण भांडला.

यंत्र लहान झाले ते विजेमुळे. लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये विकराचा थर विद्युतअग्रावर बसवण्याची कल्पना मांडली. रंग पाहण्याऐवजी ग्लुकोजमधून सुटणारे इलेक्ट्रॉन मोजायचे. १९८७ मध्ये पेनाच्या आकाराचे ‘एक्झॅकटेक’ आले आणि आजची पट्टी त्याच घराण्यातली. तिला मायक्रोलिटरहून कमी रक्त पुरते, पाच सेकंदांत आकडा दिसतो. आपल्याकडे अडचण पट्टीच्या किमतीची. यंत्र एकदाच घ्यायचे असते, पट्टी रोज लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जानेवारी २०१४ मध्ये देशी बनावटीची ग्लुकोमीटर पुढे आणली, त्यात ठाण्याच्या बायोसेन्सचे ‘सुचेक’ होते. पट्टी दोन ते चार रुपयांत मिळावी हा हेतू होता. तो हेतू अजून पुरा व्हायचा आहे.

थेंब एवढा लहान झाल्याने एक नवा धोका आला आणि तो द्राक्ष-डाळिंबाच्या मुलखात सगळ्यांत जास्त आहे. हिशेब करून पाहा. एक मायक्रोलिटर रक्तात शंभर साखर असेल तर ग्लुकोज भरते एक मायक्रोग्रॅम. तेवढ्याच द्राक्षाच्या रसात ते नव्वद मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे बोटावर वाळलेल्या रसाचा मायक्रोलिटरचा शंभरावा भाग जरी थेंबात मिसळला तरी आकडा जवळजवळ दुप्पट होतो. जपानी डॉक्टरांनी २०११ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. निरोगी माणसांना फळे सोलायला लावली आणि हात न धुता बोटातून रक्त घेतले. द्राक्षे सोललेल्यांचा सरासरी आकडा साडेतीनशेच्या पुढे गेला. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही खोटा आकडा हटला नाही. नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर मात्र तो खरा आला. बागेतून, पॅकिंग शेडमधून किंवा डाळिंबाच्या प्रतवारीवरून उठून थेट शिबिराच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला या एका गोष्टीमुळे नसलेला मधुमेह चिकटू शकतो. त्याहून वाईट म्हणजे इन्शुलिन घेणारा माणूस खोट्या आकड्यावर डोस वाढवू शकतो.

ग्लुकोमीटरच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. आंतरराष्ट्रीय निकषाप्रमाणे शंभरच्या पुढच्या आकड्यांत पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. यंत्राने १३० दाखवले तर खरी साखर ११५ असू शकते आणि दीडशेही. पट्टीची डबी उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा झाकण उघडे ठेवून राहिली तर फरक आणखी वाढतो. घरी रोजचा चढउतार पाहायला हे यंत्र उत्तम आहे. मधुमेह आहे की नाही, हा निकाल त्याच्यावर सोपवू नये. तो निकाल शिरेतून घेतलेल्या रक्तावर लॅबने द्यावा.

पण लॅबचा आकडाही प्रवासात बिघडतो, आणि याबद्दल फार कमी बोलले जाते. रक्त नळीत काढले तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. म्हणून साखरेचा नमुना राखाडी बुचाच्या फ्लोराइड बल्बमध्ये घेतात. मात्र फ्लोराइडचा परिणाम पूर्ण व्हायला तास-दोन तास लागतात आणि तोवर घट चालूच राहते. उपाशीपोटी साखर १३० असलेल्या माणसाचे रक्त दोन तास तसेच राहिले तर लॅबमध्ये ते ११५ च्या जवळ पोचू शकते. मधुमेही माणूस काठावरचा ठरून घरी जातो. आता ग्रामीण रुग्णालये आणि आरोग्य केंद्रांतले नमुने ‘महालॅब’ योजनेतून गोळा होतात, ही मोठी सोय आहे. पण नामपूरसारख्या गावातून नमुना दूर जाणार असेल तर तो आधी बर्फावर ठेवणे आणि अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा करणे हेच योग्य. जिथे नमुना काढला तिथेच ही सोय हवी. नवीन महागड्या यंत्रांपेक्षा ग्रामीण भागाला आज या साध्या शिस्तीची गरज अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे.

नमुन्याच्या प्रवासाची ही अडचण ‘तीन महिन्यांची शुगर’ टाळते. तेहरानचे सॅम्युएल राहबार यांना १९६८ मध्ये मधुमेह्यांच्या रक्तात वेगळेच हिमोग्लोबिन दिसले. साखर लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी जगेपर्यंत, म्हणजे सुमारे १२० दिवस, चिकटलेलीच राहते. त्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ही एचबीएवनसी चाचणी. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये निदानासाठी तिला मान्यता दिली, सीमारेषा साडेसहा टक्के. उपाशी राहायला नको, वेळेचे बंधन नको, त्यामुळे ती लोकप्रिय झाली.

बागलाणात मात्र तिच्यावर एकटीवर विसंबणे धोक्याचे आहे. चाचणीचा सगळा भरवसा लाल पेशीच्या आयुष्यावर आहे. लोह कमी पडले की आकडा खोटा वर जातो, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये, ५४ टक्क्यांत, रक्तक्षय आढळला आहे. उलट सिकलसेल आजारात पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खोटा खाली येतो आणि चाचणी निरुपयोगी ठरते. सिकलसेलच्या वाहकांच्या बाबतीतही काही यंत्रे चुकतात. उत्तर महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात, भिल्ल-पावरा समाजांत सिकलसेलचा दोष आढळतो, आणि सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान २०२३ मध्ये सुरू झाले ते अशाच भागांसाठी. मोसमच्या वरच्या अंगाला, मुल्हेर-साल्हेरकडे राहणाऱ्या माणसाचा एचबीएवनसी चांगला आला तर डॉक्टरांनी एकदा सिकलसेलची विचारणा करावी आणि शिरेतल्या रक्ताची साखर तपासून पाहावी.

आपण बारीक आहोत, राबतो, आपल्याला शुगर कशाची, हा समज पुण्याच्या संशोधनाने मोडला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. जन्मतः कमी वजनाच्या बाळांच्या अंगातही स्नायू कमी आणि चरबी टिकवलेली, असे त्यांना दिसले. त्यांचा स्वतःचा आणि इंग्रज शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो ‘लॅन्सेट’ने २००४ मध्ये छापला. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणाऱ्या मराठी माणसालाही मधुमेह का होतो, याचे स्पष्टीकरण या दोन आकड्यांत आहे. राष्ट्रीय पाहणीच्या २०११ मधील निष्कर्षांनुसार ग्रामीण महाराष्ट्रात प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण साडेसहा टक्के होते. तो आजार तेव्हाच शहरापुरता राहिला नव्हता.

गरोदरपणासाठी सरकारने स्वीकारलेली पद्धत मला खेड्यांसाठी सर्वांत शहाणी वाटते. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घोळून प्यायला द्यायचे, पोट भरलेले असो वा रिकामे, आणि दोन तासांनी रक्त तपासायचे. आकडा १४० किंवा पुढे गेला तर उपचार सुरू. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी तिचा आग्रह धरला. मळ्यातून येणाऱ्या बाईला उपाशी यायला सांगितले तर ती परत येत नाही, हे ओळखून ही पद्धत आखलेली आहे. पहिल्या तपासणीला आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ती व्हायला हवी.

दंडावर चौदा दिवस चिकटून राहणारे सेन्सर आता शहरांत दिसतात. ते रक्ताऐवजी कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतात, त्यामुळे काही मिनिटे मागे असतात. आतले विकर बहुधा तेच, बुरशीकडून आलेले. इन्शुलिन घेणाऱ्या लहान मुलांसाठी ते वरदान आहे. किंमत उतरेपर्यंत खेड्यातल्या घरात त्याचा उपयोग थोडाच.

तुमचे वय तीस ओलांडले असेल तर गावच्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर तपासून घ्या. नमुन्यातला प्लाझ्मा लगेच वेगळा केला जातो का, हे विचारायला संकोच करू नका. तो प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि घरी बोट टोचणार असाल तर त्याआधी साबण-पाण्याने हात धुऊन कोरडे करा, स्पिरिटवर भागवू नका. बागेतून आला असाल तर नक्कीच.